उसवण्याची मजुरी

चिटणीस की गोठमधलं आमचं दुकान
तसं लहान, पण आठवड्याला चार-दोन देश निघतात.
टेबलावर ठेवायचे. सहा इंच बाय नऊ.
साटन, आणि नेफ्यात पितळी दांडी.

इंदूरच्या परिषदेची ऑर्डर होती,
पश्चिम आफ्रिकेचे सगळे, प्रत्येकी बारा.
माली म्हणजे हिरवा, पिवळा, तांबडा.
गिनी म्हणजे तांबडा, पिवळा, हिरवा.
कौसरबींना म्हटलं, जपून,
रंग तेच आहेत, दांडी कुठल्या कडेला तेवढं बघायचं.
त्या म्हणाल्या, "भैयाजी, जुड़वाँ हैं, पहचान लूँगी."
आणि बाराच्या बारा मालींना
तांबड्या कडेला नेफा शिवला.

रात्री आम्ही दोघांनी उसवलं,
ब्लेडच्या अर्ध्या पात्यानं, एकेक टाका.
ऋजुता समोर राज्यसेवेच्या टिपा घोकत होती.
म्हटलं, मोठ्यानं वाच, आमची झोप उडेल.
माली. संयुक्त राष्ट्रांत, एकोणीसशे साठपासून.
आफ्रिकी संघात नाव आहे, बसायला बंदी.
पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक समुदायातून
बाहेर, जानेवारी दोन हजार पंचवीस,
वर्षभर आधी कळवून.

वर्षभर?
आमच्या अण्णानं वेगळं व्हायला
चहा निवेपर्यंतसुद्धा मुदत दिली नव्हती.

"चलन मात्र अजून शेजाऱ्यांबरोबर सामायिक."
असेल.
आमचंही बँकेतलं एक खातं
अजून दोघांच्या सहीनं चालतं.
तो बडोद्याहून चेक सही करून पाठवतो,
सोबत चिठ्ठी नसते.

"फ्रेंच बोलणाऱ्यांच्या संघटनेतूनही गेले."
म्हणजे भाषा तोंडात राहिली, पंगत सोडली.
कौसरबींनी मान वर न करता विचारलं,
"वहाँ उगता क्या है?"
"कापूस," ऋजुता म्हणाली. "पुष्कळ."
त्यांचं ब्लेड थांबलं.
त्यांचे अब्बा जेसी मिलच्या कातणखात्यात होते,
मिल बंद पडल्यावरही कितीतरी दिवस
भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे.
"कपासवाले हैं," त्या म्हणाल्या,
"फिर तो धागा अपना होगा उनके पास."
मी काही बोललो नाही.
हातातलं साटन पॉलिएस्टरचं होतं, सुरतेचं.

पहाटेपर्यंत नेफे हिरव्या कडेला आले.
साटनची एक खोड आहे,
सुई एकदा गेली की भोक राहतं.
इस्त्रीनं जात नाही, वाफेनं जात नाही.
उजेडात धरलं की तांबड्या कडेला
मुंगीच्या पावलांएवढ्या ठिपक्यांची ओळ.

दहाला इंदूरहून फोन.
माली येत नाही. बुर्किना नाही, नायजर नाही.
का ते विचारू नका, वरून आलंय.
गिनीचे मात्र बारा वाढवा, संध्याकाळच्या बसनं.

बुर्किना आणि नायजर खोक्यात घातले,
वर एक डांबरगोळी.
कौसरबींनी चष्मा पुसला
आणि पुन्हा ब्लेड उचललं.
"टाके जुन्या भोकांतूनच घ्या," एवढंच म्हणालो.
त्यांना सांगायची गरज नव्हती.

ते आता गिनी म्हणून उभे राहतील
पाण्याच्या पेल्याशेजारी,
कुणाच्या तरी भाषणासमोर.
पलीकडे बसलेल्याला मात्र
दिसणार मालीच.
आणि हिरव्या कडेची ठिपक्यांची ओळ
कुणी उजेडात धरलीच, तर.

बिल लिहायला बसलोय.
कापड, दांडी, शिलाई, जीएसटी.
उसवण्याच्या मजुरीला रकाना नाही.
"छोड़ दो भैयाजी," कौसरबी म्हणतात,
"ये कोई देता है क्या?"
काचेखाली अण्णाचा चेक आहे,
तारखेची जागा अजून कोरी.
पेन टेकवलं,
आधी कुठे लिहावं ते कळेना.